विमानतळावर गोरेपणा मागत नाहीत

एअर होस्टेस व्हायचं म्हणजे आधी गोरं व्हायचं, ही समजूत जानेफळच्या बसस्टँडपासून जिल्ह्याच्या गावातल्या क्लासपर्यंत सगळीकडे सारखीच आहे. मी एका विमान कंपनीच्या चेक-इन काउंटरवर काम करते. रंगानं सावळी आहे. नोकरी लागताना त्यावरून कोणी अवाक्षर काढलं नाही. जे काय काढलं ते क्लासमध्ये.

क्लासचं नाव लिहीत नाही. फी लाखाच्या वर होती, ती बाबांनी सोयाबीनच्या पैशातून आणि थोडी उसनवारी करून भरली. ग्रूमिंगच्या तासाला मॅडम एकेकीचा चेहरा उजेडाकडे वळवून बघायच्या आणि सांगायच्या, "इंटरव्ह्यूपर्यंत दोन शेड वर यायला पाहिजे." त्यासाठी एक पांढरी डबी मिळायची, पैसे वेगळे. डबीवर कंपनीचं नाव नाही, तारीख नाही, काही नाही. लावल्यावर चेहरा लवकरच उजळला, खोटं कशाला बोलू. मग गालांवर आग आणि खाज सुरू झाली. गावी आले तेव्हा आई दारातच म्हणाली, "तोंडाले काय फासलं व हे?" आणि डबी काढूनच घेतली.

पुढे २०२३ साली अकोल्याची बातमी वाचली आणि अंगावर काटा आला. एक तरुणी, तिची आई आणि बहीण घरात एकच क्रीम वापरत होत्या आणि तिघींनाही मूत्रपिंडाचा त्रास सुरू झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा त्या क्रीममध्ये भरमसाट पारा निघाला. पारा त्वचेत रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा झटपट उजळतो. पण तो त्वचेतून रक्तात आणि तिथून मूत्रपिंडात जातो. आपल्याकडच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार साध्या क्रीममध्ये नकळत आलेला पारासुद्धा दहा लाख भागांत एका भागाहून जास्त चालत नाही. माझ्या डबीत काय होतं ते कोणी तपासलं नाही.

आता कंपन्या खरंच काय बघतात ते सांगते. एअर इंडियानं नोव्हेंबर २०२२ मध्ये केबिन क्रूसाठी काढलेले नियम वर्तमानपत्रांत सविस्तर आले होते. पांढरे केस दिसता कामा नयेत, मोत्याचे कानातले नकोत, साडीवर टिकली लावायची तर अर्ध्या सेंटीमीटरच्या आत, मनगटात किंवा पायात काळा दोरा नको. टक्कल पडत असलेल्या पुरुषांनी डोकं रोज तुळतुळीत करायचं. हे नियम मलाही जाचक वाटतात, आणि ड्यूटीआधी आरशासमोर जाणारा वेळ पगारात धरत नाहीत, हे तर आहेच. व्हर्जिन अटलांटिकनं २०१९ मध्ये मेकअपची सक्ती काढून टाकली. आपल्याकडेही कधीतरी निघेल. पण या यादीत गोरेपणा कुठे आहे?

उलट चुकीचा शेड लावला तर तोच पटकन नजरेत भरतो. क्लासनं दिलेलं फिकं फाउंडेशन विमानतळाच्या पांढऱ्या दिव्यांखाली राखेसारखं करडं दिसतं आणि मान वेगळीच राहते. फाउंडेशन हातावर लावून बघू नका. जबड्याच्या कडेला बोटभर रेघ ओढा, दुकानाबाहेर उन्हात या, आणि जी रेघ दिसेनाशी होते तोच तुमचा शेड. नवीन काहीही आधी कानामागे लावून एक दिवस थांबा. केस जेल लावून चापून बसवायचे, अंबाड्यावर जाळी, पिना केसांत लपलेल्या. लिपस्टिक मॅट घ्या, कारण बोर्डिंगच्या घाईत आरसा बघायला कोण देतं? नेलपेंटचा टवका उडाला असेल तर अर्धवट ठेवण्यापेक्षा सगळंच पुसून टाका. पासपोर्ट देता-घेता प्रवाशाची नजर नखांवरच असते.

केबिन क्रूमध्ये गेलात तर विमानातली हवा फार कोरडी असते, आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली. तिथे जाड थर तडकतो, म्हणून आधी मॉइश्चरायझर आणि वरून पातळ हात. आणखी एक, हे क्लासमध्ये आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं: अल्कोहोल असलेला माउथवॉश क्रूला चालत नाही. श्वासाच्या चाचणीत तो दारूसारखाच दिसतो, आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं २०२३ मध्ये नियमातच तशी मनाई घातली आहे.

क्लास लावायचाच तर इंग्रजी-हिंदी बोलण्याच्या सरावासाठी लावा. निवड झालेल्या क्रूला प्रशिक्षण कंपनी स्वतः देते, आणि भरतीसाठी आम्ही पैसे घेत नाही असं इंडिगोसारख्या कंपन्या जाहीरपणे सांगतात. "सीट पक्की" म्हणून कोणी पैसे मागितले की तिथून उठायचं.

जानेफळ, डोणगाव, मेहकरच्या पोरींनो, ज्या डबीवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि शेवटची तारीख नाही ती फुकट मिळाली तरी घेऊ नका. आधीच वापरत असाल आणि चेहरा-पाय सुजत असतील किंवा लघवीला फेस येत असेल, तर डबी फेकू नका; ती सोबत घेऊन डॉक्टरकडे जा आणि लघवीची तपासणी करून घ्या.