मूत्रपिंडविकार आणि रोजची शिस्त

मूत्रपिंडाचा जुनाट विकार जडला आहे असे कळताच रोग्याच्या घरात सामान्यतः दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटतात. काही जण आता सर्व संपले असे समजून हातपाय गाळतात. तर काही जण ‘मला तर काहीच त्रास नाही’ असे म्हणून औषधोपचार अर्ध्यावर सोडून देतात. या दोन्ही समजुती सारख्याच घातक होत. हा विकार बहुधा समूळ बरा होत नाही हे खरे. परंतु त्याची गती मंदावणे पुष्कळ अंशी शक्य असते, आणि ती मंदावण्याचे सामर्थ्य मोठ्या रुग्णालयांइतकेच रोग्याच्या नित्याच्या दिनचर्येत असते.

विकाराचे स्वरूप

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लक्ष सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातील बहुतेक भाग पुन्हा रक्तात शोषला जातो आणि दीड-दोन लिटर मूत्र बाहेर टाकले जाते. याखेरीज क्षारांचा समतोल राखणे, रक्तदाबाचे नियमन करणे, तांबड्या पेशींच्या निर्मितीस चालना देणे आणि ‘ड’ जीवनसत्त्व कार्यक्षम करून अस्थींचे रक्षण करणे, हीही कामे मूत्रपिंडेच पार पाडतात.

नष्ट झालेल्या गाळण्या पुन्हा निर्माण होत नाहीत. उरलेल्या गाळण्या जादा भार उचलतात, त्यामुळे दीर्घकाळ कोणतेच लक्षण दिसत नाही. पायांवर सूज, थकवा, अन्नावरील वासना उडणे ही चिन्हे प्रकट होतात तेव्हा बराच ऱ्हास झालेला असतो. मधुमेह व उच्च रक्तदाब ही या विकाराची प्रमुख कारणे आहेत. म्हणून या दोहोंपैकी एक जरी व्याधी असेल, तरी वर्षातून किमान एकदा रक्तातील क्रिएटिनिन व लघवीतील प्रथिन यांची तपासणी करून घ्यावी. क्रिएटिनिनवरून गाळणक्षमता काढली जाते. ती सतत तीन महिन्यांहून अधिक काळ मिनिटाला ६० मिलिलिटरच्या खाली राहिली, अथवा तितकाच काळ लघवीतून प्रथिन जात राहिले, तर विकार जुनाट समजला जातो.

मिठाचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ व्यक्तीसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे लहान चमचाभर, मीठ सुचविले आहे. या मापाने चार प्रौढांच्या कुटुंबाला महिन्यास ६०० ग्रॅम मीठ पुरावयास हवे. आपल्या घरात महिन्याला किती पिशव्या लागतात, हे प्रत्येक गृहिणीने व गृहस्थाने पडताळून पाहावे. लोणचे, पापड, खारी मासळी, फरसाण यांतून पोटात जाणारे मीठ या हिशेबात धरावयाचे असते. सैंधव निरुपद्रवी असते हा समज चुकीचा आहे, कारण तेही मीठच होय. ‘कमी सोडियमचे’ म्हणून मिळणाऱ्या मिठात बहुधा पोटॅशियम असते. मूत्रपिंडाच्या रोग्यास ते अधिकच धोक्याचे ठरू शकते. चवीसाठी लिंबू, आले, लसूण, कोथिंबीर, जिरे यांचा उपयोग करता येतो.

आहार व पाणी

डायालिसिसवर नसलेल्या रोग्यास सामान्यतः शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ०.८ ग्रॅम प्रथिने पुरेशी मानली जातात. म्हणजे ६० किलो वजनास सुमारे ४८ ग्रॅम. डाळ, दूध, अंडी सर्वस्वी वर्ज्य करून शरीर कृश करणे हा उपचार नव्हे. रक्तात पोटॅशियम वाढले असेल, तर मात्र शहाळ्याचे पाणी, केळी, खजूर व सुका मेवा यांना आवर घालावा लागतो. बटाटा सोलून, बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडावा व ते पाणी टाकून द्यावे. उपवासाच्या दिवशी बटाटा, शेंगदाणे, केळी, खजूर हेच पदार्थ एकत्र येतात, याचे भान ठेवावे. कमरख हे फळ मात्र या रोग्यांनी कटाक्षाने टाळावे. त्यातील विषारी द्रव्याचा मेंदूवर परिणाम होऊ शकतो.

भरपूर पाणी प्यायल्याने मूत्रपिंड धुऊन निघते, असा सल्ला शेजारीपाजारी हमखास मिळतो. सूज असलेल्या किंवा लघवी कमी झालेल्या रोग्यास तो घातक ठरतो. पाणी किती प्यावे हे डॉक्टरांनी ठरवावे, शेजाऱ्यांनी नव्हे.

औषधांबाबत सावधगिरी

रक्तदाब सर्वसाधारणपणे १३० व ८० या अंकांच्या खाली राहावा, असे उद्दिष्ट असते. तो आटोक्यात आला म्हणजे गोळ्यांची गरज संपली असे नव्हे. तो गोळ्यांमुळेच आटोक्यात आलेला असतो. गुडघेदुखी, कंबरदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या दुर्बल मूत्रपिंडास अधिक दुर्बल करतात. ज्यांतील घटक ठाऊक नाहीत अशी चूर्णे व भस्मे घेऊ नयेत. जुलाब, वांत्या झाल्यास काही औषधे तात्पुरती थांबवावी लागतात. यासाठी डॉक्टरांशी त्वरित संपर्क साधावा. तंबाखू व धूम्रपान सोडावे आणि झेपेल तितके रोज चालावे.

डायालिसिस आणि त्यानंतर

गाळणक्षमता १५ च्या खाली गेली म्हणजे डायालिसिस किंवा प्रत्यारोपण यांची पूर्वतयारी झालेली असावी. डायालिसिस बहुधा आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येकी सुमारे चार तास करावे लागते. जे काम निरोगी मूत्रपिंड आठवड्याचे १६८ तास करते, ते यंत्र १२ तासांत करते. साहजिकच मधल्या दिवसांत पथ्य अधिक काटेकोर हवे. एका दिवसात वजन एक किलोने वाढले तर ते मांस नसून शरीरात साठलेले लिटरभर पाणी असते. म्हणून रोज सकाळी वजन नोंदवावे. या अवस्थेत प्रथिनांची गरज उलट वाढते. ज्या हाताच्या रक्तवाहिनीवर फिस्टुलाची शस्त्रक्रिया झाली आहे, त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये, त्यातून रक्त काढू देऊ नये व त्याने जड ओझे उचलू नये.

प्रत्यारोपणासंबंधी १९९४ चा केंद्रीय कायदा असून जवळचे नातेवाईक, तसेच मेंदूमृत व्यक्तीचे कुटुंबीय अवयवदान करू शकतात.

समाजाचा वाटा

या रोगाशी रोगी एकटा झुंजू शकत नाही. कार्यालयप्रमुखांनी डायालिसिसचे दिवस ध्यानी घेऊन कामाची आखणी केली, तर कर्मचाऱ्याची नोकरी टिकते आणि नोकरीबरोबर उपचारही टिकतात. शिक्षकांना मुलांकरवी मिठाचा हिशेब घराघरांत पोहोचविता येईल. ग्रामपंचायत सदस्यांनी तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब व रक्तशर्करा उपकेंद्रात तपासली जाईल असे पाहावे. उन्हातान्हात राबणाऱ्या मजुरांसाठी कामावर सावली व पिण्याचे पाणी असावे. तसेच महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना व प्रधानमंत्री राष्ट्रीय डायालिसिस कार्यक्रम यांची माहिती गरजू कुटुंबास वेळीच द्यावी; कागदपत्रांच्या शोधात गेलेला आठवडा अशा रोग्यास परवडणारा नसतो.

उरलेल्या गाळण्या हे रोग्याचे भांडवल आहे. त्यात भर घालता येत नाही. पण ते जपून वापरले, तर अनेकांना पुढील कित्येक वर्षे कामाची व समाधानाची लाभू शकतात.