उजवीकडून दुसरा

१९८२ ते २०१६ मी मालवाहू जहाजांवर इंजिन फिटर होतो. गाव बल्लारपूर. इथून समुद्र इतका लांब की ‘जहाजावर नोकरीला आहे’ म्हटलं की सुरुवातीला बऱ्याच जणांना ते विमान वाटायचं. चंद्रपूरला आयटीआय केलं, मुंबईला जाऊन सीडीसी, म्हणजे खलाशाची नोंदवही, काढली आणि पंचविसाव्या वर्षी पहिल्यांदा समुद्र पाहिला, तोही इंजिन रूममध्ये उतरायच्या आधी जेमतेम अर्धा तास.

निवृत्तीनंतर पत्र्याची ट्रंक उघडली. त्यात चारशेच्या वर फोटो होते. ते लावायला, ओळखायला आणि ज्याचे त्याला पोचवायला सात-आठ वर्षं गेली. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो. जहाजावर काम केलेल्या कोणाच्या घरात अशीच ट्रंक असेल, तर त्याच्या उपयोगी पडावं.

१. फोटोच्या मागे लिहायचं ते त्याच दिवशी.

तेव्हा छत्तीस फोटोंचा रोल असायचा. तो संपायला दोन-दोन महिने लागायचे आणि धुऊन मिळायचा पुढच्या एखाद्या बंदरात. हातात येईपर्यंत अर्धी माणसं घरी गेलेली असायची. वाटायचं, हे चेहरे काय विसरायचे आहेत? विसरलो. निम्म्या फोटोंच्या मागची बाजू कोरी निघाली.

तारीख लावायला सीडीसी कामी आली. कोणत्या जहाजावर कधी चढलो, कुठल्या बंदरात उतरलो, सगळे शिक्के तिच्यात असतात. फोटोत जहाज ओळखू आलं की साल आपोआप सापडतं. माणसांची नावं मात्र तिच्यात नसतात. मागे लिहायला मऊ शिशाची पेन्सिल घ्या. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई दमट हवेत पसरते.

मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात गेलेल्या खलाशांचं स्मारक आहे. समुद्र हीच ज्यांची कबर, अशा दोन हजारांहून जास्त माणसांची नावं तिथे आहेत. नवखा असताना ती वाचली होती. तिथे नावं आहेत आणि चेहरे नाहीत. माझ्या ट्रंकेत नेमकं उलटं झालं होतं.

२. फोटो बोलत नाही. बोलावं आपल्यालाच लागतं.

माझ्या दुसऱ्या जहाजावर दापोलीकडचे एक चाचा इंजिनचे सारंग होते. डेकवर असो की इंजिनमध्ये, खलाशांचा जो मुकादम तो सारंग. त्याच्या हाताखाली टिंडल, मग तेलवाले. सामानाच्या कोठीवर कसाब, स्वयंपाकाला भंडारी, सुकाणूवर सुकाणी. ही नावं आमच्या आधीच्या कितीतरी पिढ्यांपासून चालत आलेली. पुढे बोसन, मोटरमन असे शब्द आले, पण चाचांना अखेरपर्यंत सारंग म्हटलेलंच आवडायचं. कोकणातल्या कित्येक घरांत आजोबा, बाप, मुलगा असे तिघंही जहाजावरचे. मी जंगलातल्या गावचा, मला बोट लागायची. पहिले आठ दिवस चाचांनी मला कोरडा पाव आणि लिंबू देऊन उभं केलं.

चाचा २००३ साली गेले. मला कळलं फार उशिरा, एका जुन्या सोबत्याकडून. ट्रंकेत त्यांचा एक फोटो होता. त्यांच्या मुलाचा नंबर मिळवला आणि फोटो पाठवला. संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाज जरा पडलेला होता. म्हणाला, “काका, फोटो मिळाला. पण अब्बा ड्युटीवर झोपलेत का हो?”

मी फोटो पुन्हा पाहिला आणि हे पोराला तसंच दिसणार, हे तेव्हा लक्षात आलं. चाचा एका पंपावर ओणवे झालेत, डोळे मिटलेले, मान एका बाजूला कललेली, गालाशी हात. ते झोपलेले नव्हते, ऐकत होते. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. इंजिन रूममध्ये शेजारच्याशी बोलायचं तर कानात ओरडावं लागतं. त्या गदारोळातून एका बेअरिंगचा आवाज असा वेगळा काढता येतो. चांगलं बेअरिंग एकसारखं गुणगुणतं. बिघडायला लागलं की मधेच खर्र होतं. त्या दिवशी चाचांनी तो पंप बंद करायला लावला. उघडून पाहिलं, तर बेअरिंगच्या गोळ्यांची फुटलेली जाळी हातात आली.

हे सगळं मी त्याला सांगितलं. तो काही वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, “अब्बा घरी असायचे दोन-तीन महिने. पांढरा सदरा घालून गप्प बसायचे. ते काय काम करतात, आम्हांला कधी कळलंच नाही.” त्यानंतर दर शुक्रवारी त्याचा फोन यायला लागला. एकेक फोटो समोर ठेवायचा आणि विचारायचं, हे काय, ते कोण, हातात काय आहे. मी सांगत गेलो, तो लिहून घेत गेला. त्याचा मुलगा आता मरीन इंजिनियरिंगला आहे.

तेव्हापासून नुसता फोटो पाठवत नाही. सोबत चार ओळी लिहितो किंवा फोन करतो. कसला आवाज होता, किती उकडत होतं, फोटो कोणी काढला, हे आपण सांगितलं नाही तर ते कुठेच उरत नाही.

३. देखाव्यांपेक्षा कामाचे फोटो काढायला हवे होते.

माझ्याकडे सिडनीच्या पुलाचे अकरा फोटो आहेत. तेल शुद्ध करायच्या ज्या प्युरिफायर रूममध्ये आयुष्याची किती वर्षं गेली, तिचा एकही नाही. वाटायचं, तेलकट कपड्यांतला फोटो घरच्यांना काय दाखवायचा? म्हणून बंदरावर उतरायचो, शर्ट घालायचो, भांग पाडायचो आणि कुठल्यातरी पुतळ्याखाली उभा राहायचो.

पिस्टन काढतानाचे दोन फोटो मात्र आहेत, आणि पाहणारे सगळ्यात जास्त वेळ थांबतात ते त्यांच्यापाशी. मोठ्या इंजिनाचा सिलिंडर इतका रुंद असतो की माणूस आत उतरून उभा राहतो. हेड काढायचं, वरच्या क्रेनने दांड्यासकट पिस्टन उचलायचा. तो हळूहळू बाहेर येतो तेव्हा अगदी सागाचं खोड उभं केल्यासारखा दिसतो. त्याच्या माथ्यावरचा कार्बन तारेच्या ब्रशने खरवडायचा, रिंगा बदलायच्या, फीलर गेजने फट मोजायची. खाली स्कॅव्हेंजची, म्हणजे सिलिंडरला हवा पुरवणारी, जागा साफ करायला पोटावर सरपटत आत जायचं. तिथे काळं चिकट तेल आणि उष्णता एवढंच. बंदरात जहाज जेवढे तास थांबणार तेवढ्यातच हे आटपायचं. दुसऱ्या फोटोत मी आणि आणखी सहा जण त्या पिस्टनपाशी बसून चहा पितोय. दात तेवढे पांढरे दिसतात.

टँकरवर तर डेकवर साधा कॅमेरा नेताच येत नाही, ठिणगीची भीती. त्या वर्षांचं माझ्याकडे जवळजवळ काहीच नाही. तेवढं तोंडाने सांगतो.

४. चिकट पानांचा अल्बम आजच रिकामा करा.

प्लॅस्टिकखाली चिकटपट्ट्या असलेला अल्बम तेव्हा फार भारी वाटायचा. त्या गोंदाने फोटो पिवळे पडले. ओढून काढाल तर कागद फाटतो. शिवणाचा बारीक दोरा ताणून फोटोखालून करवतीसारखा हळूहळू ओढायचा, म्हणजे सुटतात. माझे नव्वद टक्के असेच वाचले. मोबाइलमध्ये उतरवून घेतले तरी मूळ फोटो फेकू नका. २००६ ते २००९ चे माझे फोटो सीडीवर होते. त्या सीड्या आता लागत नाहीत, आणि कागदावर मी काही काढून ठेवलं नव्हतं.

५. जहाजाच्या नावाबरोबर त्याचा नंबरही लिहा.

जहाज विकलं जातं, नाव बदलतं, झेंडा बदलतो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा (आयएमओ) सात आकडी नंबर मात्र जन्मापासून तोडणीपर्यंत तोच राहतो; १९९६ पासून तो बंधनकारक आहे. एका जहाजाची मी वर्षभर चौकशी करत होतो. त्या नावाचं काही सापडेना. एका फोटोत मागच्या भिंतीवर नंबर अर्धवट दिसला, उरलेला दुसऱ्या फोटोत मिळाला. मग कळलं की नाव दोनदा बदलून ते अलंगला गेलंय.

भावनगरजवळच्या अलंगला १९८३ पासून जहाजं तोडतात. मोठ्या भरतीला जहाज स्वतःच्या इंजिनावर पूर्ण वेगाने किनाऱ्यावर चढवतात. पाणी ओसरलं की ते तिथेच रुतून बसतं आणि मग गॅस कटरने तुकडे होतात. मी मुद्दाम जाऊन आलो. माझं जहाज कधीच संपलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानं, त्यांत जहाजांवरून उतरवलेल्या खुर्च्या, बेसिनं, कपबश्या. ज्या इंजिनाची शेवटची धाव जहाजाला वाळूत घेऊन गेली, त्याचे नट मी आवळले होते. ते जहाज म्हणजे पंचवीस जणांचं गाव होतं. माणसं केरळपासून बंगालपर्यंत पांगलेली, आणि जागाही राहिली नाही. आता त्या गावाचे सत्तावीस फोटो तेवढे आहेत.

६. घरचे फोटो शेजारी लावा.

हे मला बायकोने शिकवलं. मी जहाजाचे फोटो तारखेने लावत होतो. ती म्हणाली, “त्याच महिन्यातले इकडचे पण लाव ना.” आता एका पानावर पनामा कालव्यात उभा असलेला मी आहे. तिथे पाण्याच्या पायऱ्यांनी जहाज सव्वीस मीटर वर चढवतात. शेजारच्या पानावर मुलीचं बारसं आहे, पाळण्यापाशी माझी आई, कडेला माझ्या नावाने ठेवलेली रिकामी खुर्ची. बारशाचं पत्र मला पुढच्या बंदरात एजंटकडून मिळालं, तेव्हा मुलगी दीड महिन्याची झाली होती.

७. गावातल्यांना दाखवा. त्यांना कळतं.

मला वाटायचं, इथे कोणाला गोडी असणार? पण बल्लारपूर कारखान्याचं आणि कोळशाचं गाव आहे. पेपर मिलच्या बॉयलरवर काम केलेले शेजारचे मामा फोटो पाहून पहिला प्रश्न करतात, “प्रेशर किती ठेवायचे?” खाणीत उतरलेल्या माणसाला अंधार, उकाडा आणि पाळी वेगळी समजवावी लागत नाही. बंदरावरच्या पर्यटकांपेक्षा ही माणसं मला जवळची वाटली.

सगळ्यात जास्त कळलं ते माझ्या बाबांना. ते लाकडाच्या डेपोत मोजणीच्या कामावर होते. खोडाची गोलाई, लांबी, टोकावर हातोड्याचा शिक्का, मग लॉट आणि लिलाव. असं आयुष्य सागात गेलं. बोलणं कमी. माझ्या नोकरीबद्दल ‘बरं आहे ना?’ याच्या पुढे त्यांनी कधी विचारलं नाही.

२००४ साली आमचं जहाज इंग्लंडच्या ईशान्येला लागलं होतं. जवळच हार्टलपूलला ट्रिंकोमाली नावाची जुनी लढाऊ नौका पाहायला ठेवली आहे. १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी ती सागवानात बांधली, आणि अजून ती पाण्यावर आहे. मी गुडघे टेकून तिच्या डेकचे जवळून फोटो काढले. का, ते तेव्हा मलाही नीट कळलं नव्हतं.

सुट्टीत घरी आल्यावर बाबांच्या हातात दिले. त्यांनी चष्मा पुसला, फोटो खिडकीकडे धरला आणि फळीच्या रेषेवरून अंगठा फिरवत राहिले. “किती वर्षं झाली म्हणतोस?” “पावणेदोनशेच्या वर.” “अन् ह्या फटीत काय भरलं आहे?” सांगितलं, जुन्या दोरखंडाचे धागे डांबरात भिजवून ठोकतात, वर डांबर ओततात. “माल कुठला?” “मलबारचा.” थोडं थांबून म्हणाले, “आपला नाही?” त्यांचा चेहरा इतका उतरला की मला वाईट वाटलं. मग त्यांनीच सुरुवात केली. सागात तेल असतं, म्हणून पाणी लागत नाही, लोखंडी खिळाही त्यात गंजत नाही. आमच्या इकडच्या आलापल्लीच्या मालाचा रंग कसा, रेषा कशी, ओलं खोड आणि वाळलेलं खोड ठोकल्यावर आवाज कसा वेगळा येतो. रात्री जेवण गार झालं तरी ते बोलत होते. खोडाचा आवाज ऐकायला तेही डोळे मिटायचे.

२०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारपूरच्या डेपोतून वाजतगाजत सागवान निघालं, तेव्हा बाबा नव्हते. मी त्याचा फोटो काढला आणि बाबांनी हाताळलेल्या डेकच्या फोटोशेजारी लावला.

८. सगळे फोटो सगळ्यांसाठी नसतात.

एका जहाजावर विंचच्या दोरात एका सोबत्याची बोटं गेली. त्या दिवसाचा फोटो माझ्याकडे होता. त्याला आधी विचारलं. तो नको म्हणाला. मी त्याला मूळ प्रत पाठवून दिली आणि माझ्याकडची पुसून टाकली. गेलेल्या माणसाचा फोटो असेल तर आधी फक्त घरच्यांना, मग इतरांना.

९. नाव आठवत नसेल तर जे आठवतं ते लिहा.

पिस्टनपाशी चहा पिणाऱ्या त्या सहा जणांपैकी पाच सापडले. दोघं गेले, तिघांशी बोलणं होतं. सहावा सापडत नाही. तिघांनाही नाव आठवत नाही. एक म्हणतो सिंधुदुर्गातला, एक म्हणतो गोव्याचा. त्याच्या मांडीवर केटली आहे आणि तो कॅमेऱ्याकडे न बघता माझ्या कपात चहा ओततोय. फोटोच्या मागे मी पेन्सिलने लिहून ठेवलंय: उजवीकडून दुसरा. मेसमध्ये होता. आम्ही खालून वर यायची वाट न बघता केटली घेऊन सगळे जिने उतरून यायचा. आलं घालायचा.