सुरमईसाठी चालत्या होडीमागे ओढावयाचे गळ : साहित्याची निवड व बांधणी

कोकण किनाऱ्यावरील अनेक कुटुंबे पावसाळ्यात भातशेती करतात व पावसाळा सरल्यावर समुद्रावर उपजीविका करतात. अशा कुटुंबाजवळ बहुधा एक लहान होडी, एक लहान यंत्र व दोन-तीन माणसांचे बळ एवढेच भांडवल असते. मोठी जाळी घेणे त्यास परवडत नाही. चालत्या होडीमागे गळ ओढून मोठा मासा पकडण्याची पद्धत या कुटुंबास सोयीची आहे; कारण तीत साहित्याचा खर्च थोडा असून हाती येणारा मासा एकेकटा, अखंड व ताजा येतो आणि त्यास चांगला भाव मिळतो. मात्र या पद्धतीत इंधन सतत जळत असते. साहित्य चुकीचे निवडले किंवा बांधणी कच्ची राहिली, तर मासा लागूनही सुटतो व इंधनाचा खर्च अंगावर पडतो. म्हणून या साहित्याचा विचार बारकाईने करणे अगत्याचे आहे.

पद्धतीचे स्वरूप

यांत्रिक नौका समुद्राच्या तळाशी जे पिशवीसारखे जाळे ओढतात, ते ट्रॉल जाळे निराळे. प्रस्तुत पद्धतीत जाळे मुळीच नसते. होडीच्या मागे तीन-चार दोऱ्या सोडतात व प्रत्येकीच्या टोकाशी आमिष लावलेला गळ असतो. आमिष पळत्या लहान माशासारखे दिसते व शिकारी मासा त्यावर झडप घालतो. सुरमई, जिला गोव्यात व दक्षिण कोकणात इसवण म्हणतात, ती याच स्वभावाची आहे. बांगडा, पेडवा, तारली यांच्या थव्यांमागे ती वेगाने धावते. कुपाही या गळास लागतो.

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, अलास्कापासून कॅलिफोर्नियापर्यंत, सॅल्मन मासा याच पद्धतीने पकडला जातो. तेथील नौका दोन्ही बाजूंस लांब काठ्या पसरतात, पोलादी तारेच्या टोकाशी जड शिसे सोडतात आणि त्या तारेवर ठरावीक अंतरांनी आमिषाच्या दोऱ्या अडकवितात. तारा गुंडाळण्यास यंत्राने फिरणारे रहाट असतात. एकेक मासा हाताळून लगेच थंड केला जात असल्यामुळे अशा सॅल्मनला बाजारात मान आहे. आपल्याकडील रावसाला इंग्रजी व्यापारात 'इंडियन सॅल्मन' म्हणत असले, तरी रावस व सॅल्मन यांचा कुळसंबंध नाही. सॅल्मन थंड प्रदेशातील नद्यांत जन्मतो व समुद्रात वाढतो. तो आपल्या समुद्रात नाही. नाव सारखे असले म्हणून तेथील जड साहित्य जसेच्या तसे आणण्याचे कारण नाही. काठ्या, शिसे व थंड साठवण या तीन गोष्टींचे तत्त्व मात्र येथेही उपयोगी आहे.

साहित्याची निवड

१. मुख्य दोरी : एकपदरी नायलॉनची, १ ते १.५ मि.मी. जाडीची असावी. याहून बारीक दोरी हातास कापते. याहून जाड दोरीस पाण्याचा रोध अधिक होऊन आमिष वर उचलले जाते. प्रत्येक दोरी ८० ते १०० मीटर ठेवावी व लाकडी चौकटीवर गुंडाळावी. उन्हाने नायलॉन दुबळे होते, म्हणून काम संपताच ती सावलीत ठेवावी.

२. पुढील दोरी : ०.८ ते १ मि.मी. जाडीची, ४ ते ५ मीटर लांब असावी. ती मुख्य दोरीपेक्षा किंचित बारीक असल्यामुळे माशास कमी दिसते. आणि तळाशी अडकल्यास तीच तुटते, मुख्य दोरी वाचते.

३. तार : सुरमईचे दात त्रिकोणी व पात्यासारखे धारदार असतात, नायलॉन त्यांपुढे टिकत नाही. म्हणून गळापूर्वी ०.५ ते ०.७ मि.मी. जाडीची एकपदरी पोलादी तार अर्धा ते एक मीटर लावावी. एकदा मुरड पडलेली तार सरळ करून पुन्हा वापरू नये. ती त्याच जागी तुटते.

४. फिरती कडी : चकाकणारे आमिष पाण्यात फिरते व दोरीस पीळ भरतो. तो निघून जाण्यासाठी दोन कड्या लावाव्यात. एक मुख्य व पुढील दोरीच्या सांध्यावर, दुसरी तारेपूर्वी. कडी काळी किंवा तपकिरी घ्यावी. चकचकीत कडीवरच सुरमई तोंड टाकते व दोरी कापते.

५. गळ : ६/० ते ९/० आकाराचे, मजबूत दांडीचे व कथिल किंवा जस्ताचा मुलामा दिलेले घ्यावेत. न गंजणाऱ्या पोलादाचा गळ दीर्घकाळ टिकतो खरा. परंतु मासा तो घेऊन सुटल्यास गळ त्याच्या तोंडात तसाच राहतो. मुलाम्याचा गळ कालांतराने गंजून गळतो. गळाचे टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून पाहावे. टोक घसरले तर कानशीने धार लावावी. अडकले तर गळ तयार आहे असे समजावे.

६. शिसे : २०० ग्रॅमपासून १ किलोपर्यंत निरनिराळ्या वजनांची लांबट शिशी जवळ ठेवावीत. लांबट आकार पाणी सहज कापतो. शिसे पुढील दोरीच्या आरंभी, म्हणजे आमिषापासून ४ ते ५ मीटर दूर असावे.

बांधणीचा क्रम

तारेस फास करताना सर्वाधिक चुका होतात. तारेचे टोक गळाच्या डोळ्यातून काढून मागे आणावे व मूळ तार आणि टोक दोन्ही एकमेकांभोवती सारख्या प्रमाणात पाच-सहा वेळा पिळावीत. एक पदर सरळ राहून दुसरा केवळ त्याभोवती गुंडाळला गेला, तर जोराची ओढ बसताच फास घसरतो. त्यानंतर टोकाचे चार-पाच वेढे मूळ तारेभोवती काटकोनात, एकमेकांस चिकटून घ्यावेत. उरलेले टोक पक्कडीने कापू नये. ते वाकवून मागेपुढे हलवावे म्हणजे वेढ्याशी साफ तुटते. कापलेल्या टोकाची बोचरी कड हात फाडते.

नायलॉनची गाठ आवळण्यापूर्वी पाण्याने भिजवावी. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने तापते व तेथेच दोरी कमजोर होते. गाठी बांधून झाल्यावर पाण्याने भरलेली २० लिटरची बादली त्या दोरीस दहा मिनिटे टांगून पाहावी. जी गाठ घरी बादलीस दगा देते, ती समुद्रात माशास आवरणार नाही.

सुरमई झडप घालते त्या वेळी होडीचा वेग व माशाचा वेग यांचा एकदम हिसका बसतो. तो सोसण्यासाठी सायकलच्या जुन्या ट्यूबची अर्धा ते एक मीटर लांबीची पट्टी होडीजवळ मुख्य दोरीस बांधावी. पट्टीच्या दोन टोकांमधील दोरी न तोडता सैल ठेवावी. पट्टी पूर्ण ताणली गेली की ताण दोरीवर येतो. पट्टी तुटली तरी मासा जात नाही. पट्टीचे ताणणे हीच मासा लागल्याची खूणही होय.

आमिष

आमिष दोन प्रकारचे असते. पितळी किंवा पोलादी चमचा, पांढऱ्या पिसांचा झुबका व प्लॅस्टिकचे माकूळ ही कृत्रिम आमिषे ५ ते ७ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ९ ते १३ किलोमीटर वेगास चालतात. मृत बांगडा, पेडवा किंवा वाकटी ही नैसर्गिक आमिषे २ ते ४ नॉट एवढ्या मंद वेगासच योग्य. अधिक वेगाने ती फाटतात. दोन्ही प्रकारची आमिषे एकाच वेळी सोडल्यास एक तरी वाया जाते.

बांगडा लावताना गळ खालच्या जबड्यातून वर टाळूपर्यंत काढावा, म्हणजे तोंड मिटून राहते व मासा गरगर फिरत नाही. सुरमई प्रथम शेपटीकडील अर्धा भाग तोडते. याकरिता पहिल्या गळास १० ते १५ सें.मी. तार बांधून दुसरा गळ शेपटीजवळ ठेवावा. हा दुसरा गळ नसल्यास अर्धा बांगडा परत येतो आणि सुरमई येत नाही. आमिष होडीच्या कडेस काही क्षण ओढून पाहावे. ते सरळ पोहत असेल तरच मागे सोडावे.

होडीवरील मांडणी

सहा ते आठ मीटर लांबीच्या होडीस चार दोऱ्या पुरेत. दोन्ही बाजूंस ४ ते ५ मीटर लांबीचे बांबू बाहेर काढून त्यांवरून दोन दोऱ्या सोडाव्यात. या हलक्या, बिनशिशाच्या व लांब, म्हणजे ४० ते ५० मीटर ठेवाव्यात. होडीच्या मागील बाजूने दोन दोऱ्या शिसे लावून १५ ते २५ मीटर सोडाव्यात. जड दोऱ्या खाली व जवळ, हलक्या दोऱ्या वर व दूर राहिल्यामुळे त्या एकमेकींत गुंतत नाहीत आणि पाण्याचे दोन थर तपासले जातात. प्रत्येक दोरीस दर दहा मीटरवर रंगीत धाग्याची खूण करावी, म्हणजे ज्या लांबीवर मासा लागला तीच लांबी पुन्हा देता येते.

आमिष खोल नेण्यासाठी केवळ अधिक दोरी सोडणे हा उपाय नव्हे. वेग दुप्पट केल्यास पाण्याचा रोध सुमारे चौपट होतो. म्हणून खोली हवी असेल तेव्हा वेग कमी करावा किंवा शिसे वाढवावे. आपल्या साहित्याची खोली जाणण्याचा साधा मार्ग असा : माहीत असलेल्या खोलीच्या वाळूच्या तळावर, गळ न लावता केवळ शिसे सोडून नेहमीच्या वेगाने चालावे व शिसे तळास लागेपर्यंत दोरी सोडीत जावी. किती वाव पाण्यात किती मीटर दोरी लागली, ते वहीत टिपून ठेवावे.

वळण मोठे घ्यावे. वळताना आतील बाजूचे आमिष मंदावून खाली जाते व बाहेरील वेग घेऊन वर येते. वळणावर आतील दोरीस मासा लागला, तर होडी थोडी हळू चालवावी. बाहेरील दोरीस लागला, तर वेग वाढवून पाहावा.

मासा लागल्यावर

यंत्र एकदम बंद करू नये. दोरी सैल पडून मासा सुटतो व इतर दोऱ्या पंख्यात जातात. वेग कमी करून शेजारच्या दोऱ्या आधी आत घ्याव्यात. दोरी हातास कधीही गुंडाळू नये. एका हिसक्यात बोट तुटण्याचा अथवा माणूस पाण्यात ओढला जाण्याचा धोका असतो. हातमोजे घालावेत व ओढलेली दोरी पायाखाली न टाकता टोपलीत सोडावी. मासा जवळ येताच आकडी डोक्यामागे मारावी व होडीत घेताच सोट्याने डोक्यावर आघात करून त्यास शांत करावे. गळ पक्कडीने काढावा. माणसाच्या हातात गळ काट्यापर्यंत रुतल्यास तो हिसडून काढू नये. दवाखान्यात जाऊन धनुर्वाताची लस घ्यावी.

माशाचे रक्त लगेच काढावे, आतडी व कल्ले काढून धुवावे आणि माशाच्या वजनाइतका बारीक बर्फ घालावा. सुरमई व कुपा उन्हात पडून राहिल्यास त्यांत हिस्टामिन हा विषारी पदार्थ तयार होतो. तो मासा शिजविल्यानेही नाहीसा होत नाही. बर्फ न नेता या कामास निघणे म्हणजे गळाने मिळविलेला भाव उन्हात घालविणे होय.

हिशेब व जबाबदारी

समजा, एका फेरीत सहा सुरमई लागल्या. त्यांपैकी दोन तार तुटल्याने व एक गळ बोथट असल्याने सुटली. इंधन सहा माशांचे जळले, विक्री मात्र तिघांची झाली. म्हणून प्रत्येक फेरीची नोंद ठेवावी : इंधन किती लिटर, किती मासे लागले, किती सुटले व कशाने सुटले. महिनाभराच्या नोंदीवरून साहित्यातील दोष आपोआप दिसतो.

राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, हैदराबाद, समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान व हरितद्रव्य यांवरून संभाव्य मत्स्यक्षेत्राची सूचना देते. ती पाहून निघाल्यास शोधातील इंधन वाचते. हवामानाचा इशारा असेल त्या दिवशी निघू नये. जीवरक्षक जाकीट अंगात घालावे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै हा यांत्रिक नौकांसाठी मासेमारी बंदीचा काळ आहे. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली ५४ जातींच्या माशांचे किमान आकारमान ठरविले आहे. ते मत्स्यव्यवसाय कार्यालयातून समजून घ्यावे. सुरमई सुमारे ७० सें.मी. लांबीच्या पुढे प्रजननक्षम होते. गळास लागलेला लहान मासा बहुधा जिवंत असतो. ओल्या हाताने गळ काढून तो परत सोडता येतो. जाळ्यात ही सोय क्वचितच असते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व २०२० पासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतील सागरमित्रांनी हंगामापूर्वी गावात एक दिवस ठरवून तारेचा फास, भिजलेली गाठ व बादलीची परीक्षा या तीन गोष्टी प्रत्यक्ष करून दाखवाव्यात. अनुभवी तांडेलास बोलावून तरुणांकडून त्या करवून घ्याव्यात. बांधणी किनाऱ्यावर पक्की झाली, तर समुद्रात जळलेल्या इंधनाचे मोल पदरात पडते.