पिशव्या मोजू नकोस

(गोंदियात समाजकार्य शिकणारी भाची आणि परिविक्षा अधिकारी म्हणून निवृत्त झालेले मामा.)

भाची : मामा, बालगुन्हेगारांच्या गृहांत शिवण, सुतारकाम शिकवतात. त्याचा समाजाला किती फायदा, हे मला मोजायचंय. किती पिशव्या शिवल्या, तिथून सुरुवात करू?

मामा : आधी ‘बालगुन्हेगार’ खोड. कायद्यात ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ आहे. आणि पिशव्या तर मोजूच नकोस. पोरांच्या हातून संस्थेचं बिल वाचलं, तर फायदा संस्थेचा झाला. मुंबईत ससून रिफॉर्मेटरी 1857 ला निघाली, तेव्हापासून पोरांना हुन्नर शिकवतोय आपण. पण त्या पोराचं पुढं काय झालं, हे कोण विचारतं?

भाची : मग पगार मोजते.

मामा : मोज, पण वजाबाकी करून. समज, सालेकशाचा एक पोरगा गाडीदुरुस्ती शिकला, गोंदियाच्या गॅरेजात 8,000 कमावतो. शिकला नसता तरी राइस मिलमध्ये पोती उचलून 5,000 मिळालेच असते. उरले 3,000. गॅरेजची ओळख त्याच्या काकाची, म्हणून अर्धं श्रेय काकाला. गृहातल्या प्रशिक्षणाचे महिन्याला 1,500.

भाची : एवढेच?

मामा : एवढेच, पण खरे. शिवाय चौकशी चालू असताना पोरांना ठेवतात, त्या निरीक्षणगृहातला मुक्काम थोडा. चौकशी साधारण चार महिन्यांत संपवायची असते. तेवढ्यात कुठला आयटीआय होतो?

भाची : आणि पुन्हा गुन्हा केला की नाही, ते? पोलिसांकडून यादी आणते.

मामा : तिथंच सगळे अडकतात. 2015 च्या बालन्याय कायद्याचं कलम 24 बघ. अतिगंभीर गुन्ह्यांतली काही प्रकरणं सोडली, तर अपिलाची मुदत संपल्यावर नोंदी नष्ट करायच्या असतात. कलम 74 नुसार ओळखही उघड करता येत नाही. पोराला कोरी पाटी मिळावी म्हणून हे केलंय. तू ती पुसलेली अक्षरं शोधत फिरणार का?

भाची : मग मोजायचं कसं?

मामा : त्यालाच विचारून, त्याची संमती घेऊन. 18 ते 21 वयाच्या मुलांना अनुरक्षणाची, म्हणजे गृहातून बाहेर पडल्यावरची, मदत मिळू शकते, तेवढ्या काळात संपर्क राहतो. गृहातच विचारशील, तर अधीक्षकांसमोर पोरगा ‘छान आहे’ म्हणेल. बाहेर, सहा महिन्यांनी विचार.

भाची : प्रश्न कुठले ठेवू?

मामा : ‘पुन्हा गुन्हा केलास का’ हा काढ. त्याच कामावर आहेस का, पगार तुझ्याच हातात येतो का, मालकाला तुझं मागचं माहीत आहे का, हे तीन ठेव. आणि नावाचा रकाना छापूच नकोस.