फ्लूची लस नेमकी कधी?

प्रश्न : मुलगी चार वर्षांची आहे. दर पावसाळ्यात ताप, खोकला, अंगदुखी. डॉक्टर मे महिन्यात फ्लूची लस द्या म्हणतात. अमेरिकेतल्या नणंदबाई म्हणतात, ऑक्टोबरमध्ये. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : डॉक्टरांचं. नणंदबाईंचंही त्यांच्या गावापुरतं बरोबरच आहे. थंड देशांत फ्लू हिवाळ्यात येतो, आपल्या श्रीनगरातही तसाच. पुण्या-मुंबईकडे मात्र त्याचा खरा जोर जुलै ते सप्टेंबर. जानेवारी-मार्चमध्ये आणखी एक छोटी लाट. खिडक्या बंद, एकाच वर्गात कोंडलेली मुलं, मग काय!

लसीचा परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात. शिवाय नऊ वर्षांखालच्या मुलांना पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात. म्हणून एप्रिलमध्ये सुरुवात केलेली बरी. पुढे दरवर्षी एक डोस, कारण विषाणू रूप बदलत राहतो. जून उलटला तरी घ्याच. लस घेऊनही नाक गळेल. सर्दीचे इतर विषाणू तिला जुमानत नाहीत.

ताप आला तर वजनानुसार पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन मुळीच नको. मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिकची बाटली काढू नका. विषाणूवर तिचा उपयोग शून्य. श्वास घेताना बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात असेल, मूल पाणी पीत नसेल किंवा सहा-आठ तास लघवी झाली नसेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.