चित्र घडताना

चित्राचा अर्थ चित्रकार आधी ठरवतो आणि मग तो रंगांत उतरवतो, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात चित्र रंगवता रंगवता त्याचा अर्थही बदलत जातो. पाब्लो पिकासो यांचे 'गेर्निका' हे चित्र याचे बोलके उदाहरण आहे.

जानेवारी १९३७ मध्ये स्पेनच्या प्रजासत्ताक सरकारने पॅरिसमधील जागतिक प्रदर्शनासाठी पिकासोंना एक भव्य चित्र काढण्यास सांगितले. चित्रकार आणि त्याच्यासमोरची स्त्री, असा विषय त्यांच्या मनात होता. २६ एप्रिलला जर्मन व इटालियन विमानांनी स्पेनमधील गेर्निका गावावर बाँबफेक केली. मनातला विषय मागे पडला. १ मेपासून नवी रेखाटने सुरू झाली.

सुमारे पावणेआठ मीटर रुंदीच्या कॅनव्हासवरही बदल होतच राहिले. डोरा मार यांनी त्या काळात टिपलेल्या छायाचित्रांत ते दिसतात. आरंभी, जमिनीवर कोसळलेल्या सैनिकाने आवळलेली मूठ उंच उभारली होती. ती लढ्याची घोषणा होती. पुढे पिकासोंनी तो हात रंगाखाली झाकून टाकला. जूनमध्ये चित्र पूर्ण झाले, तेव्हा सैनिकाच्या मुठीत मोडलेली तलवार आणि तिच्यापाशी एक नाजूक फूल एवढेच उरले. घोषणेच्या जागी आक्रोश आला. म्हणूनच युद्धात होरपळलेल्या कोणालाही ते चित्र आपले वाटते.

आपणही पत्र लिहिताना एखादे वाक्य खोडतो. त्या क्षणी आपल्याला खरोखर काय म्हणायचे आहे, ते आपल्यालाच उमगत असते.