उसाचे बिल एकदा, खर्च बारमाही
(ऊसशेतीचे अंदाजपत्रक कसे मांडावे आणि कसे सांभाळावे)



वार्षिक साधारण सभेत कारखान्याचे अंदाजपत्रक समोर येते तेव्हा आपले सभासद बारकाईने विचारतात, ‘दुरुस्तीला गेल्या साली इतके धरले होते, मग जादा कसे लागले?’ असे विचारणे हा सभासदाचा हक्कच आहे. पण हाच प्रश्न आपण आपल्या शेतीला विचारतो का? दोन एकर ऊस आणि दारात दोन म्हशी हा एक छोटा धंदाच आहे. त्यात भांडवल आहे, कर्ज आहे, मजुरी आहे. धंदा म्हटला की अंदाजपत्रक आलेच.

ऊसवाल्याची अडचण मात्र निराळी आहे. भाजीवाल्याच्या हातात रोज पैसा खेळतो. उसाचा पैसा वर्षातून एकदा येतो, आडसालीचा तर दीड वर्षाने. खर्च मात्र महिन्याच्या महिन्याला उभाच असतो. त्यामुळे ‘एकूण किती मिळाले’ एवढे लिहून भागत नाही. ‘कोणत्या महिन्यात हातात किती राहील’ हे लिहावे लागते. ते कसे लिहायचे, हे आपण एका उदाहरणावरून पाहू. उदाहरणातले उत्पन्नाचे व खर्चाचे आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत. त्या जागी प्रत्येकाने आपापले आकडे घालावेत.

१. जमेची बाजू : हात राखून धरा

एका सभासदाचा एक एकर सुरू लागणीचा ऊस आहे व एक एकर खोडवा आहे. लागणीचे टनेज गेल्या तीन साली 52, 41 आणि 42 टन पडले. पुढच्या साली काय धरायचे? मन 52 वर जाते. वहीत मात्र सरासरी लिहावी, म्हणजे 45 टन. खोडव्याचे याच रीतीने 35 धरू. एकूण 80 टन झाले.

आता दर. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्र सरकारने 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलला 355 रुपये, म्हणजे टनाला 3,550 रुपये एफआरपी ठरवली. उतारा 0.1 टक्क्याने वाढला की क्विंटलला 3 रुपये 46 पैसे वाढतात. पण हा सगळा पैसा आपल्या हातात येत नाही. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. ती आपण उदाहरणात टनाला 850 रुपये धरू. उरले 2,700. अंदाजपत्रकात हाच आकडा घ्यायचा, 3,550 नव्हे.

80 टन गुणिले 2,700, म्हणजे जमा 2,16,000 रुपये.

२. खर्चाची बाजू : एकही बाब तोंडी ठेवू नका

लागण, एक एकर :
नांगरट, सरी – 9,000
बेणे व लागण – 14,000
शेणखत, रासायनिक खते – 20,000
भांगलण, तणनाशक – 8,000
बांधणी – 5,000
पाणीपट्टी व वीज – 6,000
एकूण – 62,000

खोडवा, एक एकर :
खते – 14,000
बगला फोडणे, पाचट, भांगलण – 8,000
पाणीपट्टी व वीज – 6,000
एकूण – 28,000

दोन्ही मिळून 90,000 झाले. ही रक्कम सोसायटीचे पीककर्ज म्हणून घेतली असे समजू. केंद्राच्या योजनेत 3 लाखांपर्यंतच्या पीककर्जाला 7 टक्के व्याज असते आणि मुदतीत भरणाऱ्याला 3 टक्के सूट मिळते, म्हणजे ते 4 टक्क्यांवर येते. राज्याची सवलत याहून वेगळी. 4 टक्क्यांनी पूर्ण वर्षाचे व्याज 3,600 धरू. मुदत चुकली तर ती 3 टक्क्यांची सूट, म्हणजे 2,700 रुपये गेले. एक टन ऊस वर्षभर वाढवून केवळ तारीख चुकली म्हणून देऊन टाकल्यासारखे झाले! म्हणून परतफेडीची तारीख सोसायटीत विचारून वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहा.

आणखी एक बाब बहुतेकांच्या हिशेबातून सुटते. मोटार जळते, पाइप फुटतो, स्टार्टर बिघडतो. कधी ते सांगता येत नाही, पण होणार हे नक्की. त्यासाठी वर्षाला 12,000 बाजूला धरू.

आता वजाबाकी करा. 2,16,000 मधून 90,000, 3,600 आणि 12,000 काढले की राहिले 1,10,400. त्याला बाराने भागा. महिन्याला 9,200 रुपये.

इथे जरा थांबा. बिल हाती येते तेव्हा डोळ्यापुढे 2,16,000 असतात. घराचा स्लॅब, लग्नाचा मांडव, नवी गाडी यांचे बेत त्या आकड्यावर ठरतात. खरा आकडा महिन्याला 9,200 आहे. त्यातही घरच्यांची मजुरी आपण धरलेली नाही. नवरा-बायको दोघे वर्षात शंभर-शंभर दिवस रानात राबले आणि रोज 300 रुपये धरले, तर 60,000 ही त्यांची मजुरीच झाली. धंद्याचा निव्वळ नफा 50,400. हे वाचून नाउमेद व्हायचे कारण नाही. पण मोठ्या खर्चाचा शब्द देण्याआधी हा आकडा माहीत असावा, म्हणजे अंथरूण पाहून पाय पसरता येतात.

३. महिनावार मांडणी : जूनकडे लक्ष ठेवा

वहीच्या पानावर बारा ओळी आखा आणि प्रत्येक महिन्यापुढे जमा, खर्च आणि शिल्लक लिहा. आपल्या उदाहरणात जुना खोडवा डिसेंबरात तुटून रान मोकळे झाले आणि तिथे फेब्रुवारीच्या सुरुवातीला सुरू लागण झाली. लागणीचा ऊस जानेवारीच्या मध्याला तुटला आणि त्याचा खोडवा ठेवला. आता खताचे वेळापत्रक पाहा.

सुरू उसाला नत्र चार हप्त्यांत द्यायचे असते. लागणीला 10 टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी 40, बारा ते सोळा आठवड्यांनी 10 आणि मोठ्या बांधणीला 40 टक्के. खोडव्याला पहिली मात्रा तुटल्यापासून पंधरा दिवसांत आणि दुसरी सुमारे 135 दिवसांनी. हे कॅलेंडरवर बसवले की दोन गोष्टी दिसतात.

पहिली : खोडव्याचे पहिले खत जानेवारीअखेर लागते, आणि तेव्हा बिल हातात नसते. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे बिल 14 दिवसांत मिळायला हवे आणि उशीर झाला तर 15 टक्के व्याज द्यावे लागते. हा आपला हक्क आहे. तरी अंदाजपत्रकात बिल महिनाभर पुढेच धरावे. बिल लवकर आले तर बरेच, पण उशिरा आले तर खत अडायला नको.

दुसरी : खोडव्याची दुसरी मात्रा आणि लागणीची मोठी बांधणी जूनच्या आगेमागे एकदम येतात. त्याच महिन्यात मुलांच्या शाळा सुरू होतात. पीककर्ज फेब्रुवारीत एकदम उचलून घरात खर्च केले असेल, तर जूनमध्ये हात रिकामा. मग ‘शेकड्याला तीन रुपये’ने पैसे आणले जातात. हा दर महिन्याचा असतो, म्हणजे वर्षाला 36 टक्के झाले. 10,000 रुपये जूनपासून आठ महिने वापरले की व्याजच 2,400. म्हणून कर्जाची उचल कामाप्रमाणे, लागेल तेव्हा आणि लागेल तेवढीच घ्यावी.

४. बिल आले की त्याच आठवड्यात वाटणी

बिलाची पावती घेऊन टनेज, दर आणि कपाती ओळीने तपासा. शंका असेल तर गट कार्यालयात लगेच विचारा. सोसायटीची वसुली जाऊन उरलेल्या रकमेतून दुरुस्तीचे 12,000 बँकेत वेगळे ठेवा. घरखर्चाची रक्कम बारा महिन्यांत वाटून लिहा आणि महिन्याला तेवढीच काढा. शेतीचा पैसा आणि घरचा पैसा एका खिशात राहिला की कोण कुणाला खातो ते कळत नाही.

दुधाचे पान वेगळे ठेवा. दुधाच्या पैशाचा मोठा गुण म्हणजे तो थोडा-थोडा पण वरचेवर येतो. पेंड, डॉक्टर आणि वैरण त्यातूनच भागले पाहिजे. म्हैस भाकड गेली की जमा थांबते, पण वैरण थांबत नाही, म्हणून भाकड महिने आधीच मोजून ठेवा. घरच्या उसाचे वाढे फुकट समजू नका, बाजारभावाने त्यांचीही नोंद करा. तेव्हाच धंदा खरा चालतो की ऊस त्याला पोसतो, ते समजेल.

५. अंदाजपत्रक सांभाळणे

मांडून ठेवलेली वही कपाटात गेली तर ती पंचांगाइतकीही उपयोगाची नाही. महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, घरच्या सगळ्यांनी अर्धा तास बसावे. वहीत तीन रकाने असावेत : अंदाज, प्रत्यक्ष, फरक. फरक मोठा दिसला तर तीनच प्रश्न विचारा. भाव वाढला का? माल जास्त लागला का? की ही बाब लिहायचीच राहिली होती? भाव वाढला तर पुढच्या ओळी दुरुस्त करा. माल जास्त लागला तर कारण रानात जाऊन शोधा. बाब राहिली असेल तर पुढच्या सालच्या पानावर आजच लिहा.

उधारीची नोंद मात्र कुणापासून लपवू नये. दुकानदाराची बाकी घरधनिणीला माहीत नसली तर तिने केलेली काटकसर वाया जाते. पुष्कळ घरांत हिशेबाचा हात तिचाच पक्का असतो. वही तिच्याकडे द्यावी.

अभ्यास : गेल्या तीन गळीत हंगामांच्या बिलांच्या पावत्या शोधून काढा. टनेजची सरासरी काढा, हातात पडलेला दर लिहा, खर्च वजा करा आणि उरलेल्या रकमेला बाराने भागा. येणारा आकडा घरात सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी लिहून ठेवा. पुढच्या तोडीपर्यंत घर आणि रान दोन्ही त्यावर चालवायचे आहे.